कर्बाम्लवायूचें प्रमाण व कांचपात्रांतील स्नायूंची वाढ

पेवांतील धान्य काढावयाचें असतां त्याचें तोंड उघडल्याबरोबर शहाणा मनुष्य आंत उतरत नाहीं. पेव कांहीं काळ उघडें ठेवावें, आंत कोंडलेली दूषित हवा जाऊं द्यावी आणि मगच उतरावें, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. ही हवा मारक होते ती मुख्यतः कर्बाम्लवायूमुळें. यासच हल्लीं कार्बन डायॉक्साइड म्हणतात. धान्याचे दाणे जिवंत असतात. ते प्राणवायु घेतात व कर्बाम्लवायु सोडतात. आणि हा वायु हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें पेवाच्या तळाशीं सांचून राहतो. अशा अनुभवांमुळें या वायूविषयीं आपल्या मनांत टाकाऊ व घातक असाच ग्रह होऊन बसलेला असतो.

परंतु गुण काय किंवा दोष काय, ते बहुधा वस्तूंत नसून तिच्या प्रमाणांत असतात. पिकाचें पान हाच वायु हवेंतून घेऊन सूर्यप्रकाशाच्या साह्यानें साखर व पिष्ट तयार करितें. उघड्या हवेंत त्याचें प्रमाण दहा हजार भागांत चार भागांहून थोडेंसेंच अधिक आहे. तरी आपल्या शेतांतील ज्वारी, कापूस, ऊस या सर्वांच्या अंगांतील कर्ब तेवढ्याशा वायूंतूनच आलेला असतो. याच वायूचें तिसरें एक कार्य आहे व तें पुष्कळांस ठाऊक नाहीं. जनावराच्या स्नायूंतील जिवंत पेशी शरीराबाहेर काढून कांचेच्या भांड्यांत वाढवावयाच्या असतील, तर त्यांच्या भोंवतालच्या हवेंत हा वायु मुद्दाम सोडावा लागतो, व तो सामान्यतः शेंकडा ५ ठेवावा लागतो. कमी पडला तर पेशींचें बिघडतें. अधिक झाला तरीही बिघडतें. असें कां होतें, व त्यापासून आम्हां शेतकऱ्यांनीं काय बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विषय आपला कसा?

प्रयोगशाळेंतील पेशींचा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर दुहेरी आहे. आमचे बहुतेक वाचक शेतीबरोबर शेळ्यामेंढ्या, कोंबड्या किंवा दुभतीं जनावरें पाळतात, व मांसाच्या बाजारावर त्यांतील पुष्कळांचा संसार अवलंबून आहे. जनावर न पाळतां, न मारतां, केवळ पेशी वाढवून मांस तयार करण्याचा उद्योग परदेशांत सुरू झालेला आहे. ता. ५ ऑगस्ट २०१३ रोजीं हॉलंडांतील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे मार्क पोस्ट यांनीं गाईच्या पेशींपासून केलेली मांसाची वडी लंडन शहरीं लोकांसमोर भाजून खावयास दिली. २०२० च्या डिसेंबरांत सिंगापूर सरकारनें व २०२३ च्या जूनमध्यें अमेरिकेनें पेशींपासून केलेलें कोंबडीचें मांस विकण्यास परवानगी दिली. उलट इटली देशानें २०२३ सालींच अशा मांसाच्या विक्रीस बंदी करणारा कायदा केला. आपल्या देशांतही हैदराबाद येथील पेशी व रेणु-जीवशास्त्र केंद्रानें व तेथील राष्ट्रीय मांस संशोधन केंद्रानें मिळून या कामीं २०१९ सालीं हात घातला. असा उद्योग आपल्या गोठ्यास व खुराड्यास धक्का देईल किंवा काय, हें भीतीनें किंवा उत्साहानें ठरत नाहीं; त्या उद्योगाचें मर्म कळलें पाहिजे. त्या मर्मांत कर्बाम्लवायूचा निचरा ही एक मोठी बाब आहे.

दुसरें असें कीं, जनावरांचें मांस भरतें, वजन चढतें, असें सांगून चूर्णें व औषधें विकणारे लोक आतां 'प्रयोगशाळेंत स्नायूंच्या पेशींवर सिद्ध झालेलें' असें प्रशस्तिपत्र जोडूं लागले आहेत. अशा प्रशस्तिपत्राची परीक्षा कशी करावी हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याचा पैसा व्यर्थ जावयाचा.

पेशी भांड्यांत कशा वाढतात?

जिवंत ऊतींचा तुकडा शरीराबाहेर वाढवितां येतो, हें अमेरिकेंतील रॉस हॅरिसन यांनीं १९०७ सालीं दाखविलें. बेडकाच्या भ्रूणांतील मज्जातंतूचा कण त्यांनीं लसिकेच्या थेंबांत ठेविला; त्यांतून तंतु फुटून वाढतांना त्यांस प्रत्यक्ष दिसले. १९१२ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें अलेक्सिस कॅरल यांनीं कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा भांड्यांत ठेविला. त्यापासून निघालेल्या पेशी १९४६ पर्यंत वाढत ठेवण्यांत आल्या, व पेशी अमर आहेत असा मोठा गाजावाजा झाला. पण १९६१ सालीं लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं मनुष्याच्या साध्या पेशी सुमारें ५० वेळां विभागून पुढें थांबतात असें सिद्ध केल्यावर त्या अमरत्वाचा पाया ढासळला. आणि कॅरल यांच्या भांड्यांत पोषणद्रव्याबरोबर नव्या पेशी पडत असाव्यात असा संशय व्यक्त झाला. चौतीस वर्षें ज्यावर जगाचा विश्वास होता ती गोष्ट अशा रीतीनें कच्ची ठरली. भांड्यांतील प्रयोगाचें फळ स्वीकारतांना सावध असावें, हें त्यावरून शिकण्यासारखें आहे.

स्नायूंच्या वाढीची रीत थोडी निराळी आहे. पूर्ण वाढलेला स्नायूचा धागा स्वतः विभागत नाहीं. त्याच्या कडेस कांहीं लहान पेशी निजल्यासारख्या पडून असतात. बेडकाच्या पायांतील स्नायु पाहतांना अलेक्झांडर मॉरो यांस त्या १९६१ सालीं प्रथम दिसल्या. यांस उपग्रह-पेशी म्हणतात. स्नायूस इजा झाली म्हणजे त्या जाग्या होतात, विभागून पुष्कळ होतात, मग विभागणें थांबवून एका रांगेंत येतात व एकमेकींत मिसळून लांब नळीसारखा एकच धागा बनतो. एका धाग्यांत अनेक केंद्रें असतात त्याचें कारण हेंच. नळी पक्व झाली कीं तिच्यांत आकुंचन करणारीं प्रथिनें भरतात व ती भांड्यांतच फडफडूं लागते. आर्विन कोनिग्सबर्ग यांनीं १९६३ सालीं अशा एका पेशीपासून निघालेल्या वसाहतींत स्नायूचे धागे तयार होतात असें दाखविलें. पुढें १९७७ सालीं इस्रायलमधील वाइझमन संस्थेंत डेव्हिड याफ व ओरा सॅक्सेल यांनीं उंदराच्या मांडीच्या स्नायूंतून एक पेशीवंश वेगळा केला. त्यापासून निवडलेली 'सी२सी१२' नांवाची शाखा आज जगभर स्नायूंच्या अभ्यासास वापरतात. असे पेशीवंश राखून ठेवण्याचें व देशांतील संशोधकांस पुरविण्याचें काम आपल्याकडे पुणें येथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत चालतें.

यावरून लक्षांत येईल कीं, भांड्यांतील स्नायूच्या वाढीचे दोन हंगाम आहेत. पहिला पेशींची संख्या वाढविण्याचा, म्हणजे रोपें तयार करण्याचा. दुसरा त्यांची जुळणी होऊन धागे भरण्याचा, म्हणजे दाणा भरण्याचा. पहिल्या हंगामांत पोषणद्रव्य भरपूर देतात. दुसऱ्या हंगामास सुरुवात व्हावी म्हणून त्यांतील रक्तद्रवाचें प्रमाण मुद्दाम कमी करितात. वायूचें प्रमाण दोन्ही हंगामांत सांभाळावें लागतें.

वायु, सोडा व सामू

जमिनीचा सामू म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. सामू ७ असला तर माती उदासीन, त्याखालीं आम्ल, त्यावर विम्ल. निरोगी जनावराच्या व मनुष्याच्या रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, व तो दशांशानेंही फारसा हलत नाहीं. स्नायूंच्या पेशी याच सामूस सवकलेल्या असल्यामुळें भांड्यांतील द्रवाचा सामूही तेवढाच ठेवणें प्राप्त होतें.

हा सामू राखण्यासाठीं शरीर जी युक्ति करितें, तीच प्रयोगशाळेंत करितात. कर्बाम्लवायु पाण्यांत विरघळला कीं सौम्य आम्ल होतें. सोडावॉटरच्या बाटलीची आंबूस चव यामुळेंच असते. उलट खाण्याचा सोडा आम्लाचा जोर मारतो. एका बाजूस विरघळलेला वायु व दुसऱ्या बाजूस सोडा असा तराजू लावला कीं सामू त्यांच्या परस्पर प्रमाणावरून ठरतो. हा नियम लॉरेन्स हेंडरसन यांनीं १९०८ सालीं मांडला व डेन्मार्कचे हॅसेलबाल्ख यांनीं पुढें गणिताच्या सूत्रांत बसविला. त्याचा सारांश असा कीं, सोडा तेवढाच ठेवून वायु दुप्पट केला तर सामू सुमारें ०.३ नें उतरतो. वायु निम्मा केला तर तितकाच चढतो. ०.३ हा आंकडा दिसावयास लहान. परंतु सामूचें मोजमाप असें आहे कीं तेवढ्यानें आम्लता दुप्पट होते.

हाच तराजू आपल्या घरींही आहे. मोठ्या गाईच्या तोंडांत दिवसाकाठीं शंभर लिटरांहून अधिक लाळ सुटते. तींतील सोडा पोटांतील आम्ल सांवरून धरतो. गाय धान्याच्या राशींत तोंड घालून हांवरेपणानें दाणे खाते तेव्हां आम्ल सोड्यास आवरत नाहीं, पोट बिघडतें, व पशुवैद्य खाण्याचा सोडा देवविण्यास सांगतो. कोंबडीच्या अंड्याचेंही तसेंच. ताज्या अंड्याच्या बलकाभोंवतालच्या पांढऱ्या भागांत कर्बाम्लवायु विरघळलेला असतो व त्याचा सामू साडेसात ते आठ यांच्या दरम्यान असतो. अंडें पडून राहिलें कीं वायु कवचाच्या छिद्रांतून निघून जातो, सामू नवाच्याही वर चढतो, व पांढरा भाग पाण्यासारखा पातळ होतो. कवचास तेलाचा हात फिरविल्यानें अंडें अधिक दिवस ताजें राहतें, त्याचें एक कारण वायु आंत कोंडून राहतो हें आहे.

आतां भांड्याकडे वळूं. विल्टन अर्ल यांनीं १९४३ सालीं जें क्षारांचें मिश्रण ठरविलें, त्यांत लिटरास २.२ ग्रॅम सोडा होता व तें शेंकडा ५ वायूच्या हवेसाठीं होतें. हँक्स यांच्या १९४९ च्या मिश्रणांत लिटरास केवळ ०.३५ ग्रॅम सोडा असल्यामुळें तें साध्या हवेंत चालतें. डल्बेको यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या द्रवांत लिटरास ३.७ ग्रॅम सोडा पडतो. त्यास हिशेबानें शेंकडा १० वायु पाहिजे. तेव्हां सामू ७.४ येतो. पण स्नायूंच्या पेशींचे पुष्कळ प्रयोग हाच द्रव घेऊन शेंकडा ५ वायूंत केले जातात, व तेथें हिशेबानें सामू ७.७ च्या घरांत जातो. पेशी वाढूं लागल्या कीं त्यांच्या स्वतःच्या आम्लामुळें तो खालीं उतरतो म्हणून पुष्कळदां निभावून जातें. परंतु दोन प्रयोगशाळांचीं फळें जुळत नाहींत त्याचें कारण कधीं कधीं या सोड्यांत व वायूंत असतें. शेंकडा ५ हा आंकडा कांहीं ब्रह्मलिखित नव्हे. तो सोड्याच्या जोडीनेंच वाचावयाचा असतो. शिवाय शेंकडा प्रमाण तेंच असलें तरी लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गांवीं हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांश असल्यामुळें द्रवांत वायु कमी विरघळतो, हेंही ध्यानांत ठेवावें लागतें.

कमी पडला तर काय होतें?

पेशींच्या पेटीचें दार वारंवार उघडलें, वायूचें नळकांडें रिकामें झालें, किंवा भांडें फार वेळ बाहेर राहिलें, कीं वायु उडून जातो व सामू आठाच्या पुढें चढतो. पोषणद्रवांत फिनॉल रेड नांवाचा रंग घातलेला असतो, तो ७.४ ला लाल दिसतो, आम्ल झाल्यास पिवळा पडतो, विम्ल झाल्यास जांभळट गुलाबी होतो. अनुभवी मनुष्य केवळ या रंगावरून, कुळवाड्यानें पानाच्या रंगावरून पिकाची तब्येत ओळखावी तशी, भांड्याची स्थिति ओळखतो. सामू फार चढला तर द्रवांतील चुना व स्फुरद एकत्र होऊन गढूळ सांका बसूं लागतो. स्नायुपेशींच्या जुळणीस विरघळलेल्या चुन्याची गरज असतें हें सिद्ध झालेलें असल्यामुळें हा सांका विशेष त्रासदायक होय.

सामूखेरीज दुसरेंही एक कारण आहे. पेशी नवें केंद्रद्रव्य व नवीन स्निग्ध पदार्थ तयार करितांना कर्बाम्लवायूंतील कर्ब थोड्या प्रमाणांत प्रत्यक्ष वापरतात. म्हणजे पानाप्रमाणें नव्हे, तरी अल्पांशानें हा वायु जनावराच्या पेशीसही खाद्य आहे. दाट वसाहत आपल्या श्वासांतून आपली गरज भागविते; पण भांड्यांत पेशी विरळ असतील तर त्यांनीं सोडलेला वायु उडून जातो व त्या खुरटतात. विरळ पेरलेल्या रोपांस वाऱ्याचा आसरा लागतो, त्यांतलाच हा प्रकार. लीबोविट्झ यांनीं १९६३ सालीं सोड्याऐवजीं इतर द्रव्यांनीं सामू राखणारा द्रव केला; त्यांत पेशी साध्या हवेंतही वाढतात. त्यावरून असें दिसतें कीं, बाहेरून वायु देण्याचें पहिलें प्रयोजन सामू राखणें हेंच आहे.

वायु देण्यास नेहमीं महागडें यंत्रच लागतें असें मात्र नाहीं. १९७६ सालीं विल्यम ट्रॅगर व जेम्स जेन्सन यांनीं हिंवतापाचे जंतु प्रथमच भांड्यांत सतत वाढविले, ते झांकण लावलेल्या बरणींत मेणबत्ती पेटवून. मेणबत्ती आपोआप विझते तोंवर बरणींतील प्राणवायु कांहींसा कमी होतो व कर्बाम्लवायु शेंकडा ३ च्या आसपास येतो. तत्त्व कळलें कीं साधन साधेंही चालतें, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

अधिक झाला तर काय होतें?

वायु अधिक झाला कीं प्रथम सामू उतरतो. आम्लतेमुळें पेशींची वाढ मंदावते, व तयार झालेल्या स्नायूंतील प्रथिनें अधिक वेगानें मोडूं लागतात. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारांत रक्त आम्ल होतें तेव्हां रोग्याचे स्नायु झडतात व वैद्य त्यास सोडा देतात, तें याच तत्त्वावर.

मग प्रश्न असा उरतो कीं, वायूबरोबर सोडाही वाढवून सामू ७.४ वरच ठेविला तर काम भागेल काय? यांतील एक गोष्ट मर्केल जेकब्स यांनीं १९२० सालींच उघडकीस आणली होती. सिंफायटम नांवाच्या झाडाचीं फुलें आम्लतेप्रमाणें आपला रंग बदलतात. वायु व सोडा मिळून जो द्रव आम्ल नव्हता, त्यांत हीं फुलें ठेविलीं तरी त्यांचा रंग आंतून आम्लतेचा झाला. कारण वायु पेशीच्या पापुद्र्यांतून सहज आंत शिरतो. सोडा तितक्या सहजतेनें शिरत नाहीं. म्हणजे बाहेरचा सामू ठीक असला म्हणून घरांत सर्व आलबेल आहे असें समजूं नये.

स्नायूंच्या बाबतींत याहून स्पष्ट पुरावा २०१५ सालीं मिळाला. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत आरियेल जायटोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सी२सी१२ पेशींचे तयार धागे निरोगी रक्तांत असतो त्याच्या तिप्पट दाबाच्या कर्बाम्लवायूंत ठेविले, व द्रवाचा सामू मात्र ७.४ वर राखिला. तरीही धागे बारीक झाले. शेंकडा १० वायूंत ठेविलेल्या उंदरांचे स्नायूही झडले. कारण शोधतां असें आढळलें कीं, वायूच्या वाढीमुळें एएमपीके नांवाचें पेशींतील शक्तीच्या हिशेबाचें द्रव्य जागें होतें. तें फॉक्सओ३ए या द्रव्याकरवीं मर्फ-१ नांवाच्या प्रथिनाचें उत्पादन वाढवितें. आणि हें मर्फ-१ स्नायूंतील प्रथिनांवर जणूं मोडीची खूण करून त्यांस मोडीत काढवितें. पेशींत मर्फ-१ बनूं दिलें नाहीं तेव्हां धागे बारीक झाले नाहींत. फुफ्फुसाच्या जुनाट रोग्यांच्या रक्तांत हा वायु सांचतो व त्यांचे हातपाय सुकतात, या नित्याच्या अनुभवावर या प्रयोगानें बराच प्रकाश पडला. तात्पर्य, हा वायु केवळ आम्ल म्हणून नव्हे, तर स्वतः एक इशारा म्हणूनही स्नायूवर परिणाम करितो.

मोठ्या टाकीचा प्रश्न

वर सांगितलेलें सर्व थाळीएवढ्या भांड्यांत घडतें. तेथें द्रवाचा थर दोनतीन मिलिमीटर असल्यामुळें वायु सहज आंतबाहेर करितो. परंतु मांस विकावयाचें म्हटलें कीं हजारों लिटरांच्या टाक्या आल्या. तेथें प्रश्न अगदीं उलटा होतो. वायु द्यावा कसा ही चिंता राहत नाहीं, काढावा कसा ही चिंता सुरू होते. कोट्यवधि पेशी श्वास घेत असतात. जितका प्राणवायु त्या घेतात जवळजवळ तितकाच कर्बाम्लवायु सोडतात. व तो खोल द्रवांत कोंडून राहतो. हवेचे बुडबुडे जोरानें सोडून तो काढावा, तर बुडबुडे फुटतांना नाजुक पेशी मरतात. सामू उतरला म्हणून सोडा घालावा, तर आम्लाशीं मिळून त्यांतून आणखी वायु सुटतो व द्रवाची खारटी वाढते.

आमच्या कालव्याखालील ऊसकरी बंधूंस ही अडचण नवी वाटूं नये. पाणी भरपूर दिलें व निचऱ्याची चर काढली नाहीं, म्हणजे काळी जमीन चोपण होऊन क्षार वर येतात. देणें सोपें, निचरा अवघड. आणि उत्पन्नाची मर्यादा निचराच ठरवितो. पेशींच्या टाकीचीही गत तशीच आहे. अमेरिकेंतील अभियंता डेव्हिड हम्बर्ड यांनीं २०२१ सालीं या उद्योगाच्या खर्चाचा जो सविस्तर हिशेब प्रसिद्ध केला, त्यांत प्राणवायु पुरविणें, कर्बाम्लवायु काढणें व पेशींचा इतर मळ सांचूं न देणें या मर्यादा धरून एक किलो ओल्या पेशींचा खर्च सुमारें ३७ डॉलर पडेल असें दाखविलें. तो हिशेब अखेरचा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. यंत्रें सुधारतील, पेशीही निवडून काढल्या जातील. परंतु जनावरांचा धंदा उद्यांच बुडणार अशी हूल कोणी उठवील, तर निचऱ्याचा प्रश्न सुटला काय, एवढें त्यास अवश्य विचारावें. बकरीच्या शरीरांत हें काम फुफ्फुस व रक्त अहोरात्र बिनबोभाट करीत असतें. कारखान्यास त्यासाठीं विजेचें व यंत्राचें बिल भरावें लागतें.

दाव्यांची परीक्षा कशी करावी?

शेवटीं व्यवहाराची गोष्ट. एखादें चूर्ण स्नायूंच्या पेशींवर गुणकारी ठरलें असें कोणी सांगेल, तेव्हां आम्ही सुचवितों कीं पुढील गोष्टींची चौकशी करावी.

पहिली गोष्ट तुलनेच्या वाफ्याची. खताचा प्रयोग करितांना आपण शेजारीं बिनखताचा वाफा राखतों. तसें औषधाविण भांडें त्याच पेटींत, त्याच वेळीं ठेविलें होतें काय? दुसरी सामूची. पुष्कळ वनस्पतींचे अर्क स्वतःच आम्ल असतात. ते घातल्यानें द्रवाचा सामू बदलतो, व सामू बदलला कीं स्नायूंची वाढ बदलते. मग फळ औषधाचें कीं आम्लाचें? औषध घातल्यानंतर सामू मोजला होता काय, हें विचारल्यावांचून उत्तर मिळत नाहीं. तिसरी वायूची. द्रवांत सोडा किती, पेटींत वायु किती, व तो पेटीच्या दर्शकावरूनच मानला कीं दुसऱ्या मापकानें पडताळला? दर्शक चुकीचे दाखवूं शकतात. कांहीं जातींच्या दर्शकांवर पेटींतील ओलाव्याचाही परिणाम होतो. चौथी हंगामाची. पेशींची संख्या वाढली, कीं धागे जाड झाले? संख्या वाढणें व मांस भरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुसतीं रोपें दाट झालीं म्हणून कणसें भरत नाहींत. आणि पांचवी, सर्वांत महत्त्वाची : भांड्यांत झालें तें जिवंत जनावरांत झालें काय? पोटांत गेलेलें औषध पचून, यकृतांतून जाऊन स्नायूपर्यंत पोंचतांना त्याचें रूप पालटतें. जनावरांच्या दोन सारख्या गटांवर वजन करून प्रयोग झाला नसेल, तर भांड्यांतील फळावर खरेदीची थैली सोडूं नये.

हे प्रश्न विचारण्यास शास्त्रज्ञ असावें लागत नाहीं. जिल्ह्याच्या पशुवैद्याकडे किंवा कृषि विद्यापीठाकडे ते लिहून पाठविले तरी पुरे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें पशुवैद्यक किंवा जीवशास्त्र शिकत असतील, त्यांनीं त्यांस वायु, सोडा व सामू यांचा हिशेब आपल्या हातांनीं करावयास सांगावें. प्रयोगवहींत पेशीचें नांव व औषधाचें माप लिहितात, पण वायूचें प्रमाण व सोड्याचें वजन पुष्कळदां लिहावयाचें राहतें. आणि तें राहिलें कीं तो प्रयोग दुसऱ्यास पुन्हां करून पाहतां येत नाहीं.

पेवाच्या बाबतींत एक सूचना येथेंच करून ठेवतों. आंत सोडलेला कंदील विझला तर मनुष्यानें उतरूं नये, हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु कंदील जळत राहिला म्हणून धोका मुळींच नाहीं असेंही मानूं नये. पेव व जुनी विहीर पुरेशी उघडी ठेवून, आंत हवा खेळती करून, वर दुसरा मनुष्य दोर धरून उभा असल्यावांचून कोणीही खालीं जाऊं नये. जो वायु शेंकडा ५ असतां कांचेच्या भांड्यांत स्नायु वाढवितो, तोच त्याच्या दुपटीनें झाला तर धट्टाकट्टा गडी थोड्या वेळांत बेशुद्ध होतो. प्रमाण ओळखून वागणें हेंच त्यांतील खरें शहाणपण होय.